नांव नसलेलें दुखणें

निदान या शब्दाचे मराठींत दोन उपयोग आहेत. वैद्य रोगाचें निदान करतो, हा एक. आणि "निदान एवढें तरी सांगा" असें आपण काकुळतीला येऊन म्हणतों, हा दुसरा. ज्या घरांत एखादें माणूस महिनोगणती आजारी आहे आणि त्याच्या आजाराला कोणी नांव देत नाहीं, त्या घरांत हे दोन्ही उपयोग एकाच वाक्यांत होऊं लागतात. शेवट, परिणाम असा तिसराही एक जुना अर्थ कोशांत सांपडतो; तो घरांतील वडील स्त्रियांच्या मनांत येऊन जातो, पण त्या तो बोलून दाखवीत नाहींत.

ज्या रोगांना नांव आहे त्यांच्याविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. मधुमेह ठरला, दमा ठरला, कीं घर आपोआप त्याच्याभोंवतीं नवी रीत बसवितें. परंतु "ल्यूपस असूं शकेल, इतक्यांत सांगतां येत नाहीं" असें सांगून ज्या स्त्रीला घरीं पाठविलें जातें, तिच्यासाठीं कोणती रीत बसवावी हें कोणालाच कळत नाहीं. ती धड आजारी नाहीं, धड बरी नाहीं. माझ्या धाकट्या बंधूंची सून गेलीं दोन वर्षें या स्थितींत आहे, आणि तिच्या निमित्तानें जें वाचलें, विचारलें व पाहिलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें. या लेखाला तिची संमति आहे. मसुदा वाचून तिनें एक वाक्य आपलें म्हणून घालण्यास सांगितलें आहे, तें पुढें येईल.

ल्यूपस हा लॅटिन शब्द, अर्थ लांडगा. संस्कृतांतील वृक आणि हा ल्यूपस एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत असें भाषाशास्त्रज्ञ मानतात, तेव्हां हा लांडगा आपल्या ओळखीचाच म्हणावयाचा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्यानें चावा घेतल्यासारखे दिसतात म्हणून मध्ययुगीन युरोपांतील वैद्यांनीं हें नांव योजिलें. मात्र येथें एक सावधगिरी हवी. जुन्या पुस्तकांत नुसतें ल्यूपस म्हटलें असेल तर बहुधा त्वचेचा क्षय अभिप्रेत असतो. त्यावर केंद्रित प्रकाशकिरणांचा उपचार शोधल्याबद्दल नील्स फिन्सेन या डेन्मार्कमधील डॉक्टरांना १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपण ज्या रोगाविषयीं बोलत आहों त्याचें पूर्ण नांव सिस्टेमिक ल्यूपस एरिथेमॅटोसस, आणि त्याला तर ऊन हें विष आहे. नामसादृश्यानें फसून कोणी रोग्याला कोंवळ्या उन्हाच्या नांवाखालीं अंगणांत बसविलें तर अनर्थच व्हावयाचा.

या रोगांत शरीराची संरक्षक यंत्रणा स्वकीयांवर उलटते. त्वचा, सांधे, मूत्रपिंडें, हृदयाचीं व फुप्फुसांचीं आवरणें, रक्तांतील पेशी, क्वचित् मेंदू, यांपैकीं कोणावरही ती चालून जाते. एकीच्या बाबतींत एकावर, दुसरीच्या बाबतींत तिघांवर. दहा रोग्यांत सुमारें नऊ स्त्रिया असतात, आणि त्यांतही बहुतेक संसाराच्या ऐन वयांतल्या. रोग संसर्गजन्य नाहीं. तिचें ताट, तिचें अंथरूण, तिचें लेंकरूं वेगळें ठेवण्याचें कांहींच कारण नाहीं.

निदान कठीण कां, हें कोंकणांत राहणाऱ्याला निराळें सांगावयास नको. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत ताप आणि सांधेदुखी यांना तोटा नसतो. हिवताप, डेंग्यू, लेप्टो, आणि २००६ मध्यें महाराष्ट्रांत जिकडेतिकडे पसरलेला चिकनगुनिया, जो ताप उतरल्यावरही महिनोन् महिने सांधे सोडीत नाहीं. तेव्हां आषाढांत ताप घेऊन आलेल्या बाईला पाहून डॉक्टरांच्या मनांत प्रथम हींच नांवें आलीं तर त्यांना दोष देतां येणार नाहीं. ज्या मुलुखांत शेतकरी चिखलांत अनवाणी उभा असतो तेथें लेप्टोचा विचार आधीं न करणारा डॉक्टरच धोक्याचा.

आमच्या सुनेचा ताप गेला, सांधे राहिले. सकाळीं उठल्यावर बोटें अशीं आखडलेलीं कीं पोळ्यांची कणीक मळवेना. दहाच्या सुमारास तीं सैल होत. मग केस गळूं लागले. तोंडांत व्रण आले, पण ते दुखत नसल्यामुळें कोणी मनावर घेतले नाहींत. पुढच्या वैशाखांत खळ्यांत सोलें वाळत घालणें, आंब्याचीं साठें, फणसाचे पापड, हें नेहमींचें काम निघालें आणि चार दिवसांत दोन्ही गालांवर व नाकाच्या दांड्यावर लाली चढली. घरांतल्या बायका म्हणाल्या, वांग आहे. वांग पिंगट असतो, हळूहळू चढतो, आणि त्यानें अंग मोडून येत नाहीं. ल्यूपसची लाली पाकोळीच्या आकाराची, उन्हानंतर उठणारी, आणि बहुधा नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी घळ मोकळी सोडणारी. अर्थात् सांवळ्या वर्णावर लाली लाल दिसतच नाहीं, काळपट दिसते. पुस्तकांतील चित्रें गोऱ्या लोकांचीं असल्यामुळें येथें पुष्कळ घोंटाळा होतो. बाजारांतून चेहऱ्याला लावावयाचें मलम परस्पर आणूं नये. त्यांपैकीं पुष्कळांत स्टेरॉइड असतें, तें खूण पुसून टाकतें आणि रोग तसाच राहतो.

याहून अवघड असतो तो थकवा. तो कोणत्याच यंत्रांत दिसत नाहीं. एकत्र कुटुंबांत काम हें सर्वांच्या डोळ्यांसमोर चालतें, आणि जी दुपारीं दोनदां आडवी होते तिच्याविषयीं जें बोललें जातें तें वाचकांना ठाऊक आहे. एका डॉक्टरांनींही "मनाचें आहे, विरंगुळा शोधा" असें सांगितलें, आणि तें वाक्य घरांत सहा महिने वापरलें गेलें. आमच्या सुनेनें घालावयास सांगितलेलें वाक्य हें: "दुखतें त्यापेक्षां, दुखतें हें पटवून देतांना मी अधिक थकतें."

मग एक दिवस रक्ताचा कागद आला. त्यावर ए.एन.ए. या तपासणीपुढें ठळक अक्षरांत पॉझिटिव्ह लिहिलें होतें, आणि घरावर सुतक आल्यासारखी अवकळा पसरली. हा कागद कसा वाचावा हें प्रत्येक सुशिक्षित घराला कळलें पाहिजे, कारण येथें साध्या त्रैराशिकाचें काम आहे. ए.एन.ए. म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्ध रक्तांत तयार झालेलीं प्रतिद्रव्यें. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें हारग्रेव्ह्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ल्यूपसच्या रोग्यांत एक विशिष्ट पेशी दाखविली, आणि पुढच्या दहा वर्षांत त्या शोधांतून ही तपासणी निघाली. ल्यूपसच्या जवळजवळ प्रत्येक रोग्यांत ती पॉझिटिव्ह येते. म्हणून ती निगेटिव्ह आली तर ल्यूपस नसावा असें बऱ्याच खात्रीनें म्हणतां येतें. परंतु उलट अनुमान चालत नाहीं. १९९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणींत पूर्ण निरोगी माणसांचें रक्त तपासलें, तेव्हां १:८० या प्रमाणांत शेंकडा सुमारें १३ जण पॉझिटिव्ह निघाले, १:१६० या प्रमाणांत शेंकडा ५. इकडे दिल्लीजवळच्या ग्रामीण भागांत मालवीय व सहकाऱ्यांनीं केलेल्या आणि १९९३ मध्यें छापलेल्या पाहणींत ल्यूपसचे रोगी लाखामागें सुमारें ३ आढळले. परदेशांतील आंकडे याच्या कैक पट आहेत, तेव्हां तीनाचे तीस धरा, पन्नास धरा. तरी लाखांत १३,००० पॉझिटिव्ह आणि रोगी मूठभर. न्यायशास्त्र शिकलेल्याला हा व्यभिचारी हेतूचा प्रकार लगेच ओळखूं येईल: जेथें जेथें धूर तेथें तेथें अग्नि असतो, पण जेथें जेथें अग्नि तेथें तेथें धूर असतोच असें नाहीं.

म्हणून तज्ज्ञ पुढच्या तपासण्या करतात. डी.एन.ए.विरुद्धचीं प्रतिद्रव्यें, आणि स्मिथ नांवाचीं प्रतिद्रव्यें, हीं रोगाला बरींच विशिष्ट आहेत. स्मिथ हें आडनांव शोधकाचें नव्हे. ज्या रुग्णाच्या रक्तांत तीं प्रथम सांपडलीं तिचें आहे, आणि मला हें फार न्याय्य वाटतें. २०१९ मध्यें युरोप व अमेरिकेंतील संघटनांनीं मिळून गुणांकांची एक पद्धति ठरविली: ए.एन.ए. किमान १:८० हवें, मग प्रत्येक लक्षणाला गुण, आणि बेरीज १० झाली तर ल्यूपस. आमच्या सुनेचे ७ भरतात. मास्तराच्या घरांत सातावर अडलेला विद्यार्थी पाहून सर्वांची जी तगमग झाली ती काय सांगावी! परंतु ही पद्धति संशोधनासाठीं रोग्यांचे सारखे गट पाडावयास केलेली आहे. शय्येजवळचा निर्णय डॉक्टर समग्र पाहून घेतो, आणि सात गुणांच्या रोग्यालाही औषध देतो.

चरकानें सूत्रस्थानांत आणि पुढें वाग्भटानें अष्टांगहृदयांत सांगून ठेविलें आहे कीं विकाराचें नांव सांगतां आलें नाहीं म्हणून वैद्यानें लाजूं नये, कारण सर्वच विकारांना ठरलेलें नांव असतें असें नाहीं. दोष, स्थान आणि हेतु पाहून त्यानें चिकित्सेला लागावें. यावरून ल्यूपस आमच्या पूर्वजांना ठाऊक होता असा अर्थ कोणी काढूं नये. तो सोस आपल्याकडे फार आहे. म्हणणें एवढेंच कीं ही अडचण जुनी आहे. आजच्या शास्त्रानें तिला पुरावाही दिला. अमेरिकन सैन्यांतील लोकांचें रक्त साठवून ठेविलेलें असतें. पुढें ज्यांना ल्यूपस झाला अशा १३० जणांचे जुने नमुने काढून पाहिले, तेव्हां ११५ जणांत रोग ठरण्यापूर्वींच, कांहींत तर ९ वर्षें आधीं, प्रतिद्रव्यें आढळलीं. हें २००३ मध्यें प्रसिद्ध झालें. म्हणजे डॉक्टर "सांगतां येत नाहीं" म्हणतात तेव्हां तें नेहमींच अज्ञान नसतें. रोगाचेंच अजून ठरलेलें नसतें. उंबरठ्यावर उभे असलेले पुष्कळ रोगी वर्षानुवर्षें तेथेंच राहतात, कांहीं परत फिरतात, कांहीं आंत जातात.

पण वाट पाहणें म्हणजे स्वस्थ बसणें नव्हे. सांधे दुखतात म्हणून लोक हाडांच्या डॉक्टरकडे जातात. या रोगाचे जाणकार म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. आमच्याकडून कुडाळ किंवा कणकवली गांठून रेल्वेनें मुंबईला जावें लागतें, नाहीं तर घाट चढून कोल्हापूर-पुण्याकडे, किंवा गोव्याला. खेप वर्षांतून दोनदांच होणार, म्हणून ती वाया जाऊं देऊं नये. सर्व कागद तारखेवार एका फाइलींत लावावे, आणि एक वही ठेवावी: सकाळीं बोटें किती वेळ आखडलीं, ताप किती, तोंडांत व्रण कधीं. लाली दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोहोंचतां पोहोंचतां नाहींशी होते. तिचें छायाचित्र दिवसाच्या उजेडांत मोबाइलवर काढून ठेवावें. दर महिन्याला नवा डॉक्टर धरणारीं घरें मी पाहिलीं आहेत. प्रत्येक जण पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो. गांवांतला एक डॉक्टर कायम ठेवावा. दर तीन-चार महिन्यांनीं लघवी तपासून तींत प्रथिनें व रक्त नाहीं ना हें पाहावें, आणि रक्तदाब मोजावा. मूत्रपिंडाला लागलेली आग आरंभीं मुळींच दुखत नाहीं. स्वस्त अशा या एका तपासणीनेंच ती वेळीं कळते.

उन्हाची रीत मात्र घरानें बदलावयाची आहे. सोलें दुसऱ्या कोणीही वाळत घालावीं, पुरुषांनींही घालावीं. तिला दिलेली हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी ही मूळची हिवतापाच्या औषधांच्या कुळांतली, म्हणून वडील मंडळी "हिला हिवताप कुठें आहे?" असें विचारून ती बंद करावयास निघतात. २०२० च्या महामारींत तर लोकांनीं ती उगाच विकत घेऊन सांठविली, आणि ज्यांचें जीवन तिच्यावर चालतें अशांची कांहीं काळ पंचाईत झाली. ती सावकाश, दोन-तीन महिन्यांनीं गुण दाखविते. मात्रा वजनाच्या दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आंत ठेवतात. आरंभीं एकदां आणि पांच वर्षांनंतर दरसाल डोळे तपासावयाचे.

एक गोष्ट संकोचाची, पण लिहिलीच पाहिजे. ल्यूपसच्या कांहीं रोग्यांत उपदंशासाठीं करावयाची व्ही.डी.आर.एल. ही तपासणी खोटीच पॉझिटिव्ह येते. गरोदरपणीं हा कागद सासरच्या हातीं पडला तर निष्पाप मुलीचें काय होईल हें सांगावयास नको. दुसऱ्या, अधिक नेमक्या तपासणीनें लगेच उलगडा होतो, तो करून घेतल्यावांचून तोंडांतून शब्द काढूं नये. याच वर्गांतल्या प्रतिद्रव्यांमुळें रक्त गोठून वारंवार गर्भपात होतात. लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज यांनीं १९८३ मध्यें हा विकार वर्णिला, आणि आज अ‍ॅस्पिरिन व हेपारिन देऊन अशा पुष्कळ स्त्रियांचीं बाळंतपणें सुखरूप होतात. तीन गर्भ गेल्यावर नागबळी करावयाचा तर करावा. पण रक्त त्याच्या आधीं तपासावें. रोग सहा महिने शांत असतां, डॉक्टरांच्या सल्ल्यानें राहिलेला गर्भ बहुधा नीट पार पडतो, आणि वरील गोळी त्या काळांतही चालू ठेवतात. "असूं शकेल" एवढ्यावरून कोणाचें लग्न मोडण्याचें किंवा मूल नाकारण्याचें कारण नाहीं.

कांहीं लक्षणें मात्र पुढच्या तारखेपर्यंत थांबत नाहींत. पायांवर किंवा डोळ्यांखालीं सूज, लघवीला फेंस, श्वास घेतांना छातींत कळ, दम लागणें, झटका येणें, एकाएकीं भ्रमल्यासारखें बोलणें, एकाच पायाला सूज व दुखणें. आणि स्टेरॉइड चालू असतां आलेला कोणताही जोराचा ताप. अशा वेळीं रात्र असली तरी गाडी काढावी, आणि वही बरोबर घ्यावी.