कासव कुणी निवडायचं?



बाईला जनावराचं नाव देण्यात आपली भाषा कधीच मागे राहिलेली नाही. निमूट सोसते ती गरीब गाय. उलट बोलली की नागीण. अंगानं भरली की म्हैस. लेकरासाठी उभी ठाकली तर मात्र वाघीण, आणि तेही कौतुक तेवढ्यापुरतंच. यातलं एकही नाव आपण आपल्यासाठी निवडलेलं नव्हतं. म्हणून आज दुसऱ्या एका समूहासाठी प्राणी निवडायची वेळ आली, तर थोडं थांबून विचार करायचा हक्क आपल्याला आहे. खरं तर ती आपली जबाबदारीच आहे.

हा समूह म्हणजे ऑटिझम असलेली माणसं. मराठीत आपण त्यांना स्वमग्न म्हणतो. संयुक्त राष्ट्रसंघानं २००७ साली ठराव केला आणि २००८ पासून २ एप्रिल हा दिवस त्यांच्या नावानं पाळला जातो. फलक करायचा, फेरी काढायची, तर चिन्ह हवं. आजवर सर्रास वापरलं गेलेलं चिन्ह म्हणजे चित्रकोड्याचा एक सुटा तुकडा. १९६३ साली इंग्लंडमधल्या पालकांच्या संस्थेनं ते घेतलं. त्या तुकड्यात एक रडणारं मूल होतं. स्वमग्न माणसं स्वतः बोलू लागली तेव्हा त्यांनी विचारलं, आम्ही काय कोडं आहोत? आमच्यात कुठला तुकडा कमी आहे? त्यांच्यातल्या अनेकांनी तो तुकडा टाकून इंद्रधनुषी अनंतचिन्ह घेतलं. २००५ पासून १८ जून हा त्यांचा अभिमान दिवस झाला. आणि अनेक जण स्वतःसाठी एखादा प्राणीही शोधतात. मांजर तर फारच लाडकं. कॅथी हूपमन या लेखिकेनं २००६ साली मांजरांच्या छायाचित्रांतून ही माणसं समजावून सांगणारं पुस्तक काढलं, तेही खूप वाचलं गेलं.

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर असा प्राणी निवडायचा म्हटलं, तर हात चटकन कासवाकडे जातो. हरिहरेश्वर, दिवेआगरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या अंडी घालायला येतात. शिवाय सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा २०१६ सालचा चित्रपट आपल्यातल्या अनेकींनी पाहिलेला आहे. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. तो चित्रपट नैराश्याबद्दल आहे, ऑटिझमबद्दल नाही. पण मन मिटून घेतलेला माणूस आणि कोकणातलं कासव ही जोडी त्यानं आपल्या डोळ्यांपुढे पक्की केली. तेव्हा स्वमग्न म्हणजे कवचात शिरलेलं कासव, असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होणारच.

माझा विरोध आहे तो या घाईला.

पहिली गोष्ट, समुद्री कासवाला डोकं आणि पाय कवचात ओढून घेताच येत नाहीत. ते जमतं जमिनीवरच्या आणि गोड्या पाण्यातल्या कासवांना. गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या दाखल्यातलं, अंग आवरून घेणारं कासव वेगळं आणि आपल्या किनाऱ्यावर येणारं वेगळं. आपलं कासव उघडंच असतं. लाटा, वाळू, कुत्रे, जाळी, प्रकाश, सगळं अंगावर घेत ते येतं. स्वमग्न माणसांनी स्वतःबद्दल जे लिहिलं आहे ते पुष्कळदा नेमकं असंच आहे. जग आमच्यापर्यंत पोचत नाही असं नाही. ते फार जोरात पोचतं. आवाज, उजेड, वास, स्पर्श, आणि चार माणसं एकदम बोलू लागली की तो कल्लोळ. आपल्या ‘स्वमग्न’ या शब्दातच कवचातलं कासव दडलेलं आहे. स्वतःत बुडालेला, म्हणजे त्याला इतरांचं काही पडलेलं नाही. तो शब्द रूढ आहे म्हणून मीही वापरते, पण तो बाहेरून पाहणाऱ्यानं दिलेला आहे हे विसरू नये.

दुसरी गोष्ट आईची. आपल्या संतसाहित्यात कासवी नुसत्या नजरेनं पिल्लांना पोसते, ही कल्पना जागोजागी येते. प्रत्यक्षात ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री येते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पण नजरेनं वाढवणारी आई हा आदर्श आपल्या मानेवर बसलेला आहेच. मूल डोळ्याला डोळा देत नाही म्हटल्यावर पहिलं बोट आईकडे जातं. तू लक्ष दिलं नाहीस, तू नोकरी केलीस, तू गरोदरपणी रडत राहिलीस. हे काही आपल्याच गावचं अडाणीपण नाही. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अकरा मुलांवरचा निबंध लिहिला आणि त्यात आईबापांच्या कोरडेपणाची नोंद केली. त्यातून ‘फ्रिजसारखी थंड आई’ ही उपमा पसरली. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली ‘रिकामा किल्ला’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहून आईवरचा आरोप जगभर नेला. ऑटिझम हा मेंदूच्या घडणीतला जन्मजात फरक आहे, तो आईच्या मायेत काही कमी पडल्यानं होत नाही, हे आज पक्कं ठाऊक आहे. पण एका उपमेनं हजारो बायकांच्या पदरात अपराध टाकला. उपमा ही साधी गोष्ट नसते, बायांनो.

तिसरी गोष्ट मुलींची, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत बालमनोविकारतज्ज्ञ बाईंनी कॅनर यांच्या आधी, १९२६ साली अशा मुलग्यांचं वर्णन छापलं आणि लगेच १९२७ साली मुलींचंही. ते काम पुढे किती तरी वर्षं बाजूला पडलं. कॅनर यांच्या अकरांत आठ मुलगे होते. मुलग्यांना पाहून लक्षणं ठरली आणि त्या मापात न बसणाऱ्या मुली सुटत गेल्या. त्यातून आपल्याकडे मुलगी गप्प राहिली, कुणात मिसळली नाही, एकच काम तासन् तास करत बसली, तर कुणाला खटकत नाही. शहाणी आहे, घरंदाज आहे, गरीब गाय आहे! म्हणजे तिच्यासाठी प्राणी आधीच निवडून झालेला असतो. इतर मुलींचं पाहून ती हसायचं कधी, मान डोलवायची कधी हे पाठ करते. शंखातला खेकडा दुसऱ्याचा रिकामा शंख अंगावर घेऊन चालतो, तशी. आत किती दमते ते दिसत नाही. मग तिचं लग्न लावून दिलं जातं. सासरच्या भरल्या घरात, अनोळखी स्पर्शात, सणावाराच्या गोंगाटात ती कोलमडते, तेव्हा तिला माजोरडी ठरवतात, नाही तर झपाटलेली. हे आपल्याला नवं आहे का? कौटुंबिक हिंसेच्या आपल्या कामात अशी एखादी सून आपल्यासमोर बसलेली असेल आणि आपणही तिला केवळ ‘अबोल’ म्हणून नोंदवलं असेल, ही शक्यता नाकारता येत नाही.

मग कासव सोडूनच द्यायचं? तसं नाही. त्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पिल्लं बहुधा रात्री वाळूतून वर येतात आणि क्षितिजावर जिकडे उजेड दिसतो तिकडे धावतात. हजारो वर्षं तो उजेड समुद्राचा होता. आता किनाऱ्याला हॉटेलं झाली, रस्त्याला दिवे आले. पिल्लं उलटी फिरतात आणि रस्त्यावर, झुडपात मरतात. अशा वेळी पिल्लाला डोळे मिटायला शिकवा असं कुणी म्हणत नाही. जाणकार सांगतात, दिवे बंद करा. गावोगावचे कासवमित्र अंडी कुंपणात सांभाळतात, पिल्लांची समुद्राकडची वाट मोकळी ठेवतात, पण चालू देतात ते त्यांच्या पायांनीच.

माणसाच्या मुलाबाबत मात्र आपण नेमकं उलटं करतो. हळदीला डीजे लागतो, शाळेच्या पत्र्यावर पावसाचा ताशा वाजतो, मूल कान दाबून ओरडतं, आणि आपण मुलालाच गप्प करतो. हात हलवू नको, डोळ्यांत बघ, नीट बस. टेम्पल ग्रँडिन ही अमेरिकेतली स्वमग्न बाई पशुविज्ञानाची प्राध्यापक झाली. गुरं एका वाटेनं जायला तयार नसत, माणसं त्यांना मारत. ही बाई स्वतः त्या वाटेत शिरली, गुरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलं, आणि तिला लोंबती साखळी दिसली, चमकणारं पाणी दिसलं, सावली दिसली. ती अडचण काढली की गुरं चालत. गरीब गाईकडे असं पाहता येतं तर!

काही आया म्हणतील, तुमचं चिन्हांचं बोलणं ठेवा बाजूला. माझं मूल बोलत नाही, रात्रभर झोपत नाही, माझ्यामागे त्याचं कोण? हे म्हणणं शंभर टक्के खरं आहे. काहींना जन्मभर आधार लागतो आणि तो आज एकट्या आईच्या खांद्यावर आहे. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं आणि २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत बसलं. पण कायद्यातलं नाव श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाईपर्यंत पोचायला तिला जिल्ह्याच्या गावी, अलिबागला खेपा घालाव्या लागतात. उपचारांसाठी पनवेल, मुंबई. मूल सोबत, एसटीची गर्दी, रोज बुडालेला. म्हणूनच मी म्हणते की चिन्ह आईच्या अपराधाचं नको आणि मुलाच्या उणेपणाचंही नको. दिवे कुणी लावले ते विचारणारं चिन्ह हवं.

आणि ते निवडायचं त्यांनीच. आपल्या चळवळीनं एकेकाळी दुर्गा आणि काली उचलल्या. १९८४ साली निघालेल्या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेचं नावही ‘काली फॉर विमेन’ होतं. पुढे प्रश्न आला की या चित्रात मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध मैत्रीण कुठे आहे? एकच प्रतीक सगळ्यांना झाकत नाही, हे आपण त्या वादातून शिकलो. कासवाचंही तसंच. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ते एकटं येतं, ओडिशात गहिरमाथ्याला हजारोंच्या झुंडीनं. २०२१ साली तिथे खूण लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरीच्या गुहागरला अंडी घालून गेली. तिला एकलकोंडी म्हणायचं की समाजप्रिय? एखादीला कासव आवडेल, एखादीला मांजर, तर एखादी म्हणेल, मी खाडीच्या चिखलातला निवटा; मासा असून चिखलावर चालते, तुम्हाला काय त्याचं? आणि एखादी म्हणेल, मला प्राणी नको, माझं नाव पुरे. चौघींची उत्तरं आपण तशीच लिहून घ्यायची.

तोवर आपल्या गटांनी काही कामं हाती घेता येतील. बैठकीत एक शांत कोपरा ठेवावा, टाळ्या-घोषणा सुरू होण्याआधी सांगावं. जिला बोलता येत नाही तिला लिहून, चित्र काढून, खुणेनं मत देऊ द्यावं. प्रमाणपत्राची शिबिरं तालुक्याला व्हावीत म्हणून निवेदनं द्यावीत. अंगणवाडीताईंशी ‘गप्प, गुणी’ मुलींबद्दल बोलावं. समुपदेशनाच्या नोंदवहीत ‘अबोल’ लिहून थांबू नये.

पुढच्या २ एप्रिलचा फलक रंगवण्याआधी आपल्या गावातल्या एका तरी स्वमग्न मुलीला, बाईला विचारा. तिनं काय सांगितलं ते आम्हाला जरूर कळवा, तिच्याच शब्दांत.