डबा उघडा की राव!

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एका ज्येष्ठांनी माझी जाहीर हजेरी घेतली. कारण काय, तर मी भाच्याच्या कॉम्प्युटरचा फोटो स्टेटसला ठेवला होता. "गुरुजी, शाळेत लेकरांना मोबाईल सोडा म्हणता आणि घरच्या पोराला गेम खेळायचा डबा जोडून देता?" खाली अकरा जणांचे अंगठे. त्यातले निम्मे अंगठे दिवसभर रील्स सरकवून झिजलेले आहेत, पण ते सोडा. ग्रुपवर चार ओळींच्या पुढं कुणी वाचत नाही, म्हणून इथं लिहितो. लांबेल, आधीच सांगतो.

होय, तो डबा गेम खेळायलाच जोडलाय. "अभ्यासासाठी घेतला" असं खोटं मी बोलणार नाही. ते खोटं आपल्या जिल्ह्यात घरोघर बोललं जातं आणि त्यातूनच पुढचा सगळा घोळ होतो.

माझ्याच बहिणीच्या घरचं सांगतो. गाव घनसावंगी तालुक्यात. थोरल्या भाच्याला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालं तेव्हा दाजींनी मोसंबीच्या पैशातून आणि उरलेल्या हप्त्यांवर ७२ हजारांचा 'गेमिंग लॅपटॉप' घेतला. घरी सांगितलं अभ्यासाचा. लाल दिवे लागलेला कीबोर्ड, विमानासारखा घरघरणारा पंखा. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तो इतका तापायचा की मांडीवर घ्यायची सोय नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडला. दुकानदार म्हणाला, ग्राफिक्स चिप बोर्डालाच सोल्डर केलेली आहे, अख्खा बोर्ड बदला, २८ हजार. हप्ते अजून चालू होते. आज तो लॅपटॉप कपाटावर आहे, वर गणपतीच्या आरासचं खोकं.

म्हणून धाकट्याची वेळ आली तेव्हा, २०२४ च्या दिवाळीत, तोच म्हणाला, "मामा, जे बिघडलं तेवढंच बदलता येईल असं काही नाही का?" त्याला डिप्लोमासाठी संभाजीनगरला हॉस्टेलवर राहायचं होतं. दर पंधरा दिवसांनी लालपरीने गावी. म्हणजे मोठा कॅबिनेट बाद. बजेट ४० हजारांच्या आत.

आम्ही महिनाभर शोधलं आणि ॲसरॉकच्या डेस्कमिनी एक्स ३०० वर थांबलो. कॅबिनेट, मदरबोर्ड आणि अडॅप्टर एकत्र येतं, बाकीचं आपण भरायचं. आकार १५५ बाय १५५ बाय ८० मिलिमीटर, म्हणजे दोन लिटरपेक्षाही कमी. दाजींचा शेतावर न्यायचा जेवणाचा डबा यापेक्षा मोठा आहे. आमचं बिल असं झालं: डबा १५,५००, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर ११,०००, ८-८ जीबीच्या दोन रॅम ३,६००, ५०० जीबीची एसएसडी ३,२००, वायफाय १,२००. एकूण ३४,५००. हॉस्टेलवर जुना २२ इंची मॉनिटर ३,५०० ला मिळाला. गावी टीव्ही आहेच, एचडीएमआयची वायर लावली की झालं. स्क्रीन दोन्हीकडे जागेवर राहते, डबा तेवढा पाठीवरच्या सॅकमधून ये-जा करतो. विंडोजचे पैसे वाचवायला लिनक्स टाकलं.

ज्यांना असं काही जोडायचंय त्यांच्यासाठी आमच्या चुका. प्रोसेसरसोबत जो पंखा फुकट येतो तो ५४ मिमी उंच, आणि या डब्यात मावतो ४६. झाकण लागेना म्हणून आम्ही रात्री अकरापर्यंत डोकं खाजवत बसलो होतो. डब्यासोबतचाच बुटका पंखा लावायचा असतो. दुसरं, पैसे वाचवायला १६ जीबीची एकच रॅम घेऊ नका. यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स रॅमवर जगतं. दोन रॅम म्हणजे दोन नळ. एकच लावली तर गेम अडखळतो, आणि मग पोरं प्रोसेसरला शिव्या देतात.

आता ज्या गोष्टी हा डबा करत नाही त्याही सांगतो, नाहीतर उद्या मलाच धराल. काउंटर स्ट्राइक २ सेटिंग खाली आणून नीट चालतो, डोटा चालतो, पाच-सात वर्षांपूर्वीचे बहुतेक गेम चालतात. सायबरपंकसारखे जड गेम विसरा. त्यासाठी मिनी आयटीएक्स बोर्ड, छोटा पॉवर सप्लाय, आखूड ग्राफिक्स कार्ड असं सगळं लागतं आणि तिथं प्रत्येक वस्तू लहान म्हणून महाग असते. ४० हजारात ते बसत नाही. कुणी यूट्यूबवर बसवून दाखवलं तर त्याने कोणता भाग फुकट मिळालेला धरलाय ते आधी बघा.

पण आपल्या भागासाठी या डब्याचा खरा गुण वेगळाच निघाला. अडॅप्टर १२० वॅटचा. गेम चालू असतानाही घरचा साधा इन्व्हर्टर डबा ओढतो. व्होल्टेज संध्याकाळी खाली गेलं तरी लॅपटॉपच्या चार्जरसारखं ते अडॅप्टर सांभाळून घेतं. (घराला अर्थिंग नसेल तर धातूच्या डब्याला हात लावल्यावर मुंग्या येतात. तो दोष डब्याचा नाही, वायरमनचा आहे. आधी अर्थिंग करून घ्या.)

असो. आता मुद्द्यावर येतो.

आपल्याकडे 'गेमिंग' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रमी येते. दोष लोकांचा नाही, जाहिरातीच तशा होत्या. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला स्पष्ट मान्यता दिली. म्हणजे दिल्लीला फरक कळला. आपल्या ग्रुपला कधी कळणार? त्याच्या महिनाभर आधी राज्याच्या कृषिमंत्र्यांचा सभागृहात मोबाईलवर रमी चालू असल्याचा व्हिडिओ फिरला. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, जाहिरात घालवत होतो. कृषी खातं गेलं. आणि मिळालं कोणतं? क्रीडा! तेव्हा या ग्रुपवर कुणी पिढी बिघडल्याची पोस्ट टाकल्याचं मला आठवत नाही.

सरकारचीही तऱ्हा बघा. १ ते ४ मे २०२५ ला मुंबईत बीकेसीला वेव्हज नावाची मोठी परिषद झाली. गेमिंग, ॲनिमेशन यात देशाचं भविष्य आहे अशी भाषणं झाली. छान. मग त्या भविष्याच्या अवजारावर जीएसटी किती? १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ ला दर कमी झाले, मोठे टीव्ही २८ वरून १८ वर आले, कॉम्प्युटर होता तिथंच राहिला. आमच्या ३४,५०० मध्ये सव्वापाच हजार निव्वळ कर आहे. सोन्यावर ३ टक्के. लग्नात अंगठी घालायला ३ आणि पोराला शिकायला १८, हे कुणी समजावून सांगेल का?

त्याआधी ३ ऑगस्ट २०२३ ला दिल्लीतून अधिसूचना निघाली, लॅपटॉप, टॅबलेट आणि 'अल्ट्रा स्मॉल फॉर्म फॅक्टर' कॉम्प्युटर परवान्याशिवाय आयात करायचे नाहीत. ओरड झाली, दुसऱ्याच दिवशी मुदत वाढवली, मग नोव्हेंबरपासून ऑनलाइन मंजुरीची पद्धत आली. छोटा कॉम्प्युटर दिल्लीच्या कागदावर आला तो असा, अडवायची वस्तू म्हणून. आणि आता रॅम. एआयच्या डेटा सेंटरना माल जातोय म्हणून २०२५ च्या शेवटी भाव दुपटीच्याही पुढं गेले. मायक्रॉनने तर क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. आज आमचं तेच बिल ४० हजारात बसवणं अवघड आहे.

हे सगळं वरचं झालं. आपल्या हातात आहे त्याचं काय?

मी ज्या शाळेत शिकवतो तिथं एका खोलीत नऊ कॉम्प्युटर आहेत. सात बंद. कित्येक वर्षांपासून निर्लेखनाचा प्रस्ताव वर गेलेला आहे. तोपर्यंत हात लावायचा नाही, कारण ते डेडस्टॉक रजिस्टरला आहेत. सातमधले दोन-तीन तरी फक्त रॅम पुसून आणि बॅटरीचा सेल बदलून चालू होतील असं भाचा खिडकीतून बघून म्हणाला. उघडायची परवानगी मी तोंडी मागितली, लेखी मागितली. उत्तर एकच, "गुरुजी, ऑडिटमध्ये तुम्ही अडकाल."

ज्या गावात एमआयडीसीत रोज ट्रकच्या ट्रक भंगार वितळवून सळई बनते, ज्या गावाने १९६४ पासून महिकोच्या बियाण्यावर नाव कमावलं, त्या गावातल्या शाळेत मुलाला कॉम्प्युटरचं झाकण काढायची बंदी! आणि तेच पोरगं घरी डबा उघडायला लागलं की काका ग्रुपवर हजेरी घेणार.

धाकट्याने त्या ३४,५०० च्या डब्यावर वर्षभरात काउंटर स्ट्राइक भरपूर खेळला, मी नाकारत नाही. एका विषयात केटीही लागली, तीही लपवत नाही. त्याच डब्यावर तो ब्लेंडर शिकला आणि हॉस्टेलच्या चार पोरांचे बंद पडलेले लॅपटॉप चालू करून दिले. पैसे घेतले नाहीत, त्यावरून मी त्याला रागावलो.

तर माझी मागणी साधी आहे. शाळेतले, आयटीआयमधले, तंत्रनिकेतनातले बंद कॉम्प्युटर भंगारात जायच्या आधी एक दिवस पोरांना उघडायला द्या. नगरसेवक, शाळा समितीचे अध्यक्ष, जे कुणी हे वाचत असतील त्यांनी एक पत्र द्यावं. मसुदा माझ्याकडे तयार आहे, मेसेज करा, पाठवतो.

आणि ग्रुपवरच्या काकांना, रविवारी भाचा येतोय. चहाला या. डबा समोर उघडून दाखवतो. येताना बारीक स्टारचा स्क्रू ड्रायव्हर असेल तर आणा, आमचा गल्लीतच कुणीतरी नेलाय.