आरोग्यसेविकेच्या माथी नवे बलुते



धम्मदीक्षा घेऊन आपण जातीचे जोखड झुगारून दिले. घरातील देवदेवतांच्या तसबिरी गेल्या आणि भिंतीवर भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची प्रतिमा आली. परंतु समतेची परीक्षा भिंतीवर होत नसते. घरातील बाळंतीण तापाने फणफणली असता तिच्या अंगाला हात लावण्यास कोण येते आणि कोणत्या भावनेने येते, तेथे ती परीक्षा होते.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत ध्यानी घ्या. त्याची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकीना. म्हणून त्या ओल्या बाळंतिणीस वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्यास दिला, नवऱ्याने पत्नीस. आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टर पुन्हा फिरकला नाही. ती माउली दगावली. शिक्षकाचे ते पत्र डिसेंबर १९२९ मध्ये ‘यंग इंडिया’त छापले गेले आणि बाबासाहेबांनी ते आपल्या आठवणींत नमूद करून ठेवले आहे.

आज भाईंदरच्या चाळीत किंवा काशिमिऱ्याच्या पाड्यावर जी बाई थर्मामीटर व तान्ह्या बाळाचा वजनकाटा पिशवीत घालून उंबरा ओलांडून आत येते, तिचे मोल या हकीकतीवरून करा. तिला सरकारी कागदात ‘आशा स्वयंसेविका’ म्हणतात. ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ साली हे पद निर्माण केले. २०१३ च्या नागरी आरोग्य अभियानाने ते शहरांतील गरीब वस्त्यांत आणले. प्रसूती रुग्णालयात झाली तरी त्यानंतरच्या ४२ दिवसांत तिने घरी सहा वेळा जावे, असा नियम आहे. लसीची तारीख तिच्या वहीत असते. क्षयाच्या रोग्याने गोळ्या सोडल्या तर ते तिला प्रथम कळते.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात तर तिच्यावाचून गरिबास कोण विचारणार? १९९१ साली १,७५,६०५ असलेली येथील लोकवस्ती २०११ साली ८,०९,३७८ झाली. पन्नास हजार लोकांमागे एक नागरी आरोग्यकेंद्र या सरकारी प्रमाणाने त्या गणनेसच सोळा केंद्रे लागतात; आणि त्यानंतर २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. भाड्याच्या खोलीत राहणारा, वर्षा-दोन वर्षांत घर बदलणारा मजूर कोणत्या यादीत सापडणार? रुग्णालयाची इमारत उभी राहिली म्हणजे आरोग्य समान झाले, असे सांगणारे हे विसरतात की, धुणीभांडी करणाऱ्या बाईस तेथे जाण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. जी दारी येऊन नाव लिहून घेते, तिच्यामुळेच ही बाई शासनाच्या हिशेबात येते.

मग या सेविकेस शासन काय देते? नवजात बालकासाठीच्या त्या सर्व भेटींचा मोबदला योजनेत २५० रुपये ठरविला गेला. म्हणजे एका भेटीस बेचाळीस रुपयेही पडले नाहीत! कामागणिक पैसे, वेळेस मर्यादा नाही. रात्री कळा सुरू झाल्या तर हाक तिलाच.

बंधूंनो, ही रीत आपल्या ओळखीची नाही काय? महार वतनदाराच्या कामास वेळकाळ नव्हता. हाक आली की धावावे, आणि मोबदला म्हणून गावाने दिलेले बलुते पदरात घ्यावे. हे वतन म्हणजे गुलामगिरी होय, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणले. अखेर १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. परंतु बलुत्याची वृत्ती गेली नाही. तिने ‘मानधन’ हे गोंडस नाव धारण केले एवढेच.

काही शहाणे म्हणतात, ‘ही सेवा आहे, सेवेचा पगार मागू नये.’ मग शल्यचिकित्सक सेवा करीत नाही काय? त्यास पगार आणि निवृत्तिवेतन मिळते, आणि सेवाभावाचा उपदेश मात्र गरीब स्त्रीस! २०१३ साली ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवरील अशा सेविकांना कामगार मानावे, किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. तरीही महाराष्ट्रात मानधनवाढीसाठी त्यांना आझाद मैदानावर बसावे लागले, तेव्हा कोठे मार्च २०२४ मध्ये पाच हजार रुपयांची वाढ मंजूर झाली. वाढ मिळाली, कामगार हे नाव मिळाले नाही. १९२८ सालीच बाबासाहेबांनी प्रसूतिरजेच्या बिलास पाठिंबा देताना बजावले होते की, मातेच्या विश्रांतीचा भार प्रामुख्याने सरकारने उचलला पाहिजे. मातेच्या रक्षणकर्तीचा भार त्याच सरकारला जड का व्हावा?

भगवंतांनी मलमूत्रात पडलेल्या रोगी भिक्खूस आनंदाच्या साहाय्याने स्वतः धुऊन काढले आणि रोग्याची सेवा हीच आपली सेवा होय, असे संघास शिकविले. ज्या धम्मात रुग्णसेवेस हे स्थान आहे, त्या धम्माच्या घरी आशाताईस दारातूनच वाटेला लावले जात असेल, तिची जात विचारली जात असेल, किंवा ताप उतरावा म्हणून गुपचूप भगताकडे जाणे होत असेल, तर ती दीक्षा अंगी लागली नाही असेच म्हणावे लागेल.

तेव्हा तीन गोष्टी करा. गरोदर सुनेचे व नव्या बाळाचे नाव तिच्या वहीत पहिल्या महिन्यातच नोंदवा. नव्याने राहण्यास आलेल्या शेजाऱ्याचेही नोंदवा. ती सेविका कामगार म्हणून हक्क मागेल त्या दिवशी वस्तीतील स्त्री-पुरुषांनी तिच्या मोर्चात चालावे. आणि मत मागण्यास येणाऱ्यास विहारात थांबवून विचारावे की, आमच्या प्रभागात आरोग्यकेंद्र कोठे आहे, आणि तेथील सेविकेस वेतन केव्हा देणार?

बलुते आपण नाकारले ते केवळ स्वतःसाठी नाही. ते दुसऱ्या कोणाच्या पदरात पडत असताना आपण स्वस्थ बसलो, तर बाबासाहेबांचे नाव घेण्याचा अधिकार आपणास राहणार नाही.

जय भीम!