जुलैतलं घर

दिवाळी संपली की आपल्यापैकी बहुतेकांच्या कचेरीत तो फोन येतो. गावचं घर करायचंय. फोन ठाण्याहून, पिंपरीहून, कधी दुबईहून. घर गुहागर, राजापूर, देवगड नाहीतर श्रीवर्धनकडचं. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पडवी, माजघर, एक अंधारी खोली आणि मागे पडकी न्हाणी. मालक पन्नाशीला टेकलेले, मुलगी बारावीला, म्हातारी आई त्यांच्याकडेच शहरात, फ्लॅटचे हप्ते अजून चालू. आणि फोन ठेवण्याआधीचा ठरलेला प्रश्न : "गणपतीच्या आत होईल ना?"

आपण बहुधा 'बघू' म्हणतो, आणि मग गणपती डोळ्यांसमोर ठेवूनच घर आखतो. पंचवीस माणसं एकदम उतरणार म्हणून तीन संडास, भिंत पाडून मोठं केलेलं माजघर, ओटीवर फॉल सीलिंग आणि त्यात दिव्यांची रांग. पाच-सात दिवस ते घर झकास चालतं. मग कुलूप. शिमगा आणि मे महिना धरला तरी असं घर वर्षातले दहाएक महिने बंद असतं, आणि त्यातल्या चार महिन्यांत कोकणातला तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस त्याच्यावर कोसळतो. घराची परीक्षा जुलैत होते आणि तेव्हा आत कोणी नसतं. आपल्या आराखड्यांत या महिन्याला जागाच नाही, ही आमची तक्रार आहे.

गावात आणि शहरात असा दुहेरी संसार कोकणाला नवा नाही. गिरणगावात खोली आणि गावी घर, ही कित्येक पिढ्यांची रीत. मनिऑर्डरीच्या पैशांतून जोती बांधली गेली, गवताच्या छपरांवर कौलं आली. पण घर चालवायला गावात कोणीतरी मागे असायचं, बहुतेक वेळा आई किंवा बायको. रोज चूल पेटायची आणि धूर छपरात जायचा. वासे काळे पडत, पण कोरडे राहत आणि कीड लांब राही. जमीन सारवताना वाळवीची माती नजरेला पडे. मृगाआधी शाकारणी होई, फुटकी कौलं बदलली जात, रिपांवर अडकलेला पालापाचोळा निघे. रात्री गळायला लागलं तर त्याच रात्री खाली भांडं लागायचं आणि उघडीप मिळताच कोणीतरी वर चढायचं. त्या बांधकामाच्या रचनेतच ही बाई गृहीत धरलेली होती. आज ती शहरातल्या फ्लॅटमध्ये नातवंडं सांभाळते आहे. तिचं काम कोणी करायचं, याची ओळ आपल्या एकाही एस्टिमेटमध्ये नसते.

उलट तिच्या जागी आपण जे बसवतो ते बंद घरात सगळ्यात आधी दगा देतं. फॉल सीलिंगचंच घ्या. कौलारू घरात भिंतीचा माथा आणि कौलं यांच्यामध्ये फट असते, तिथून हवा खेळते. जिप्समची पाटी मारली की ती वाट बुजते. वर कौल सरकलं तरी खाली महिनाभर काही दिसत नाही. दिसतं तेव्हा वाशाचं टोक भुसभुशीत झालेलं असतं. मधल्या पोकळीत उंदीर राहतात आणि वायरी कुरतडतात. तीन संडासांचं तसंच. वापर नसला की न्हाणीच्या ट्रॅपमधलं पाणी काही आठवड्यांत सुकतं, आणि मालक दार उघडतात तेव्हा दुर्गंधी आणि झुरळं स्वागताला असतात. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या वाऱ्याबरोबर येणारी झड अडवत नाहीत. रुळातलं पाणी आत उतरतं. जुन्या माणसांनी पावसाळ्यात पडवीला झापं बांधली, ती काही हौसेखातर नव्हे.

भिंतींबद्दल या मासिकात पूर्वीही लिहिलं गेलं आहे, तरी पुन्हा लिहावं लागतं. जांभा सच्छिद्र आहे, तो पाणी पितो आणि उघडा असेल तर सोडतोही. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की जोत्यातून वर आलेली आणि तड्यांतून शिरलेली ओल गिलाव्यामागे अडकते. मातीचा सांधा मऊ पडतो. दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा ठोकला तर पोकळ वाजतो, आणि मग त्यावर वॉटरप्रूफ रंग देण्याचा सल्ला देणाराही आपल्यातलाच कोणी असतो. मातीच्या जमिनीवर व्हिट्रिफाइड फरशी घातली तरी तेच होतं : खालची ओल फरशीतून सुटत नाही, ती भिंतीकडे सरकते. चुन्याचा गिलावा हा यावरचा माहितीतला उपाय. पण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला आठवडे लागतात, या काळात त्याला ना कडक ऊन चालतं ना पावसाचा मारा. म्हणजे बाहेरचा चुना उशिरात उशिरा मार्चअखेर संपायला हवा. 'गणपतीच्या आत' ही मुदत मान्य करणारा माणूस जून ते ऑगस्टमध्ये काम करणार हे उघड आहे, आणि त्या दिवसांत फक्त सिमेंटच लावता येतं. घराचं साहित्य असं मुदतीवरून ठरतं.

छपराबाबत मात्र शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांशी आमचं पटत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने रायगड आणि दापोली-मंडणगडाकडची छपरं उडवली तेव्हा लोकांनी पत्रे घातले, कारण पाऊस चार दिवसांवर होता आणि एकदम एवढी कौलं मिळणं अशक्य होतं. आता ज्या वाडीत माणसं कमी आणि माकडं जास्त, तिथे 'कौलंच ठेवा' हे सांगायला सोपं आहे. माकडांनी जुलैत दहा कौलं फोडली तर ती बदलायला गावात चढणारा माणूस आहे का, हे आधी विचारावं. नसेल, तर कौलांखाली पत्रा घालावा; पण दोहोंत हवेला जागा ठेवावी आणि वळचणीपाशी पाणी व पाला बाहेर पडेल अशी उतरण द्यावी, नाहीतर कुजलेल्या पानांखाली पत्रा गंजतो. मंगलोरी कौल तरी कुठे अनादि आहे? बासेल मिशनच्या मंडळींनी मंगळूरला कारखाना काढला तो १८६५ मध्ये. आपल्या आजोबा-पणजोबांनी तेव्हाचं नवं साहित्य पारखून घेतलं, आपणही घ्यावं. आमचा विरोध मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकण्याला आहे, आणि तो ठाम आहे.

आता कागद. घरपट्टीच्या नमुना ८ वर ज्याचं नाव तोच मालक, अशा समजुतीने किती आराखडे निघाले असतील! ते नाव मालकीचा पुरावा नाही. वाड्या विखुरलेल्या असल्यामुळे कोकणातली कितीतरी घरं गावठाणाबाहेर, सामाईक सातबाऱ्याच्या जमिनीवर उभी आहेत; २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेच्या मोजणीचा तिथे फारसा उपयोग नाही, कारण ती योजना गावठाणापुरती आहे. घर वडिलोपार्जित असेल तर बहिणींचाही प्रश्न येतो. हिंदू वारसा कायद्यातली २००५ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२० मधला विनीता शर्मा खटल्यातला निकाल यांनी मुलीचा जन्मसिद्ध हिस्सा पक्का केला आहे. चाळीस लाख एका भावाने घालायचे आणि गणपतीची पाळी पुढच्या वर्षी दुसऱ्याची, अशा घरात पहिली कुदळ मारण्याआधी सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती फाइलला लागली पाहिजे. ते वकिलाचं काम आहे असं म्हणून आपण हात झटकतो. पण काम अर्ध्यावर थांबलं की उघडं छप्पर आपल्याच नावावर राहतं.

आणि मालकाचं घरही समजून घ्यायला हवं, शहरातलं. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी गवंड्याशी वाद घालायचा, रविवारी परतायचं, सोमवारी कामावर. हे महिनोन् महिने करणाऱ्याच्या घरात शांतता राहत नाही. पैशाचे वाद तर असतातच. मुलीच्या बारावीच्या वर्षी काम काढू नका, हे सांगायला आर्किटेक्टची पदवी लागत नाही, पण सांगावं आपणच. काम दोन मोसमांत विभागा. पहिल्या ऑक्टोबर ते मेमध्ये छप्पर, घराभोवतीचं पाणी काढून देणारी गटारं, नवं वायरिंग आणि घराच्याच पातळीवर एक संडास, म्हणजे आईला रात्री अंगणात उतरावं लागणार नाही. मग एक पावसाळा मध्ये जाऊ द्या. ओल कुठून येते हे घर स्वतः दाखवील. गिलावा, जमीन, स्वयंपाकघर दुसऱ्या मोसमात. गणपती त्या वर्षी अर्धवट घरात बसतील, बसू द्या. खर्चही दोन वर्षांत विभागला जातो, हे हप्ते फेडणाऱ्याला पटायला वेळ लागत नाही. होमस्टे करून पैसे वसूल होतील या बोलण्याला मात्र मान डोलावू नका. होमस्टे चालवायला घरात राहणारं माणूस लागतं, आणि तेच तर नाही.

हे सगळं आपल्याला माहीत नाही असं नाही. अडचण आपल्या फीमध्ये आहे. खर्चाच्या टक्क्यावर फी घेणाऱ्याला 'हे पाडू नका, ते बदलू नका' असं म्हणणं महागात पडतं. छप्पर उतरवून, वाशांची टोकं तपासून, पुन्हा तेच कौल चढवण्यात डोकं जास्त लागतं आणि बिल कमी होतं. जुन्या घरांच्या कामाला टक्केवारी सोडून वेळेवर आणि भेटींवर फी लावावी, असं आम्ही सुचवतो. त्याच करारात काम संपल्यानंतरच्या तीन पावसाळ्यांची देखभाल लिहावी : मेमध्ये शाकारणी कोण करणार, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दारं-खिडक्या उघडून ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी कोण ओतणार, त्याला महिना किती द्यायचा आणि गळतीचे फोटो कोणाला पाठवायचे. गावात हे काम करणारी माणसं अजून आहेत. त्यांना पगार मिळाला पाहिजे, 'येता-जाता लक्ष ठेव' एवढ्यावर ते आता भागणार नाही.

वाचकांना एक विनंती. पाच वर्षांपूर्वी पूर्ण केलेलं एखादं गावचं घर निवडा आणि येत्या जुलैत, मालक नसताना, चावी घेऊन आत जा. माळ्यावर चढा, फॉल सीलिंगची एक पाटी काढून वर बघा, भिंतींवर टिचक्या मारा. जे दिसेल ते फोटोंसह आम्हाला कळवा, चांगलं तेही आणि फसलेलं तेही. मालकाचं आणि गावाचं नाव छापणार नाही. दिवाळीनंतरच्या अंकात ही निरीक्षणं एकत्र देण्याचा विचार आहे.