निदानाची मजुरी कोण देणार?

रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला निघालेली पिकअप आंबा घाटाच्या चढावर दम टाकते, तेव्हा गाडीबरोबर मालाचा भावही रस्त्यात अडकतो. बाजार सकाळी भरतो आणि पिकलेला आंबा कुणासाठी थांबत नाही. गाडी बारा-पंधरा वर्षांची, हप्ते कधीच फिटलेले आणि घरातले कमाईचे साधन तेवढेच. अशा वेळी गॅरेजमध्ये जे घडते ते जवळपास ठरलेले असते. ‘पंप गेला’ असे कुणीतरी म्हणतो, पंप उतरवला जातो, हजारो रुपयांचे बिल होते आणि पंधरवड्यात तीच गाडी तशाच चढावर पुन्हा धापा टाकू लागते. कारण बिघाड पंपात नसतोच. तो टाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात असतो, नाहीतर चिरलेल्या वीतभर रबरी नळीत.

जुन्या डिझेल पिकअपच्या इंधनयंत्रणेतील दुखण्यांचा मोठा भाग पाणी, गाळ आणि हवा या तीन साध्या गोष्टींतून सुरू होतो. त्या ओळखायला महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो थोडा वेळ आणि क्रमाने तपासण्याची सवय. नेमक्या याच दोन गोष्टींना आपल्याकडे किंमत नाही, आणि ती नसल्याचा भुर्दंड गाडीमालकाच्या खिशाबरोबर चालकाच्या शरीरालाही बसतो.

आधी यंत्रणा समजून घ्यायला हवी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवली जाते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हा फवारा नेमक्या क्षणी, नेमक्या मापाचा आणि धुक्यासारखा बारीक असावा लागतो. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये असा फवारा देणारे पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली, तेव्हाच डिझेल इंजिन ट्रकमध्ये बसवणे खऱ्या अर्थाने सोयीचे झाले. टाकीतले डिझेल फिल्टरमधून पंपात, पंपातून नोझलमध्ये जाते आणि उरलेले परतीच्या नळीने टाकीत येते. पंप आणि नोझलच्या सरकत्या भागांमधली फट अवघी काही मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून ही फट किती बारीक असेल याची कल्पना यावी. त्या फटीत वंगण म्हणून वेगळे तेल नसते. डिझेलच तिथले वंगण असते. त्यामुळे डिझेलबरोबर पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण आत शिरला, की घासणे सुरू होते.

पाणी येते कुठून? अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली, की थंडाव्यात हवेतली वाफ टाकीच्या आतल्या पत्र्यावर थिजते आणि थेंब तळाला जातात. कोकणातल्या पावसाळी दमटपणात हे जास्त होते. उघड्यावर ठेवलेल्या पिंपातले डिझेल भरले, झाकणाचे रबर झिजले, तरी तेच. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते आणि पत्रा गंजवते. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भेटतात त्या थरात जिवाणू आणि बुरशीही वाढतात. हॉर्मोकॉनिस रेझिनी ही बुरशी तर अशा इंधनावर जगण्यासाठीच ओळखली जाते. तिचा काळपट, बुळबुळीत गाळ फिल्टरमध्ये अडकतो. मग सपाट रस्त्यावर नीट पळणारी गाडी चढावर पडते, कारण चढावर इंजिन जास्त डिझेल मागते आणि तुंबलेला फिल्टर तेवढे देऊ शकत नाही.

हवेचे दुखणे अधिक फसवे. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे या भागातल्या चिरेतून डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. खाली जमिनीवर डाग नसतो, म्हणून ‘गळती नाही’ असा निष्कर्ष निघतो. रात्रभरात नळीतले डिझेल टाकीकडे उतरते आणि सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. यालाच गाडीने हवा धरली असे म्हणतात. फिल्टरवरचा हातपंप दाबून हवा काढली की गाडी सुरू होते, सगळे खूश होतात आणि चीर तशीच राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ.

म्हणून निदानाचा क्रम टाकीकडून नोझलकडे, स्वस्ताकडून महागाकडे असायला हवा. पहिली पायरी म्हणजे काचेची स्वच्छ बाटली. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल बाटलीत घ्यायचे आणि अर्धा तास स्थिर ठेवायचे. पाणी असेल तर ते खाली वेगळे दिसते, गाळ असेल तर तोही. दुसरी पायरी टाकीचे झाकण. गाडी तासभर चालून बंद पडत असेल आणि झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज होऊन ती पुन्हा सुरू होत असेल, तर हवा आत घेणारे छिद्र बुजले आहे. तिसरी पायरी पारदर्शक नळीचा तुकडा. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तो जोडला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत चौथी पायरीही सोपी आहे. टाकीची नळी सोडवून गाडी स्वच्छ डिझेलच्या कॅनवर चालवून पाहायची. कॅनवर ती नीट चालली, तर दोष टाकी आणि नळ्यांत आहे, पंपाला हात लावायचे कारण नाही. पंपावर बंद करणारा सोलेनॉइड असेल, तर चावी फिरवल्यावर त्याचा ‘टिक’ आवाज येतो का, हे ऐकायला तर काहीच खर्च नाही.

धूरही बोलतो. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून अजिबात धूर येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नसण्याची शक्यता मोठी. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोहोचते, पण जळत नाही. तिथे हीटर प्लग, टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा डिझेलमधले पाणी तपासावे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त; त्यात नोझल दोषी असू शकते, पण तितकाच तुंबलेला एअर फिल्टरही. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो आणि तो बहुधा इंधनयंत्रणेचा प्रश्नच नसतो. एवढे पाहून झाल्यावर मग नोझल काढून टेस्ट बेंचवर दाब आणि फवारा तपासावा, आणि पंपाची पाळी सर्वांत शेवटी यावी. पंप खरोखर झिजतातही, यात शंका नाही. पण पाणी आणि गाळ काढल्याशिवाय बसवलेला नवा पंप त्याच घाणीवर चालतो आणि त्याच वाटेने जातो.

मग हा क्रम पाळला का जात नाही? ज्ञान नाही म्हणून, असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ हा अभ्यासक्रम आहे आणि मुरलेल्या मेस्त्रींना यातले बहुतेक सारे तोंडपाठ असते. अडचण पैशाची आहे. डॉक्टरांनी तपासून ‘काही विशेष नाही, पाणी भरपूर प्या’ असे सांगितले, तरी तपासणीची फी दिली जाते. मेस्त्रीने तासभर नळ्या चाचपून वीतभर रबर बदलले, तर ग्राहक विचारतो, ‘एवढ्याशा कामाचे इतके पैसे?’ सुट्या भागाच्या बिलावर मात्र कुणी फारशी घासाघीस करत नाही, कारण तो भाग डोळ्यांना दिसतो. निदानाला मजुरी नाही आणि बदलीला आहे, अशा बाजारात मेस्त्री बदलीकडेच झुकणार. यात मेस्त्रीची लबाडी शोधण्याआधी ग्राहकाने स्वतःची सवय तपासलेली बरी.

यावर एक रास्त आक्षेप आहे. गाडीत माल आहे, चालकाला अर्ध्या तासाचीही सवड नाही. अशा वेळी भाग बदलून गाडी मार्गी लावणे हाच व्यवहार. घाटात अडकलेल्या गाडीसाठी हे खरेही आहे. पण वर सांगितलेल्या चाचण्यांपैकी बहुतेक अर्ध्या तासाच्या आतल्या आहेत, आणि पंप उतरवून दुरुस्तीला पाठवायचा तर किमान एक दिवस जातो. घाई हे निदान टाळण्याचे कारण नसून ते आधी करण्याचे कारण आहे.

आरोग्याचा भाग इथेच येतो. अंदाजपंचे दुरुस्तीत चालक आणि मेस्त्री शरीर पणाला लावतात. नळीला तोंड लावून डिझेल ओढणे हे आपल्याकडे रोजचे दृश्य आहे. डिझेल पातळ असल्याने चुकून गिळताना किंवा ठसका लागताना ते सहज श्वासनलिकेत उतरते, फुप्फुसात पसरते आणि रासायनिक न्यूमोनिया होऊ शकतो. असे झाल्यास उलटी करवू नये. उलटीत तेच डिझेल पुन्हा फुप्फुसाकडे जाण्याचा धोका असतो. खोकला किंवा दम लागत असेल तर थेट रुग्णालय गाठावे. हाताने दाबायचा प्लास्टिकचा पंप हार्डवेअरच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतो. तो गाडीत असावा.

दुसरा धोका दाबाचा आहे. नोझलमधून सुटणारी डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. वर सुईएवढे भोक दिसते, दुखतही फारसे नाही, पण आत ऊती मरू लागतात आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमावण्याची वेळ येते. कॉमन रेल प्रकारच्या गाड्यांत हा दाब हजार बारच्या वर जातो. मोटारीच्या टायरमधली हवा दोन-सव्वादोन बारची असते, यावरून अंदाज करावा. म्हणून जुन्या गाडीत नट सैल करून सिलिंडर तपासण्याची युक्ती कॉमन रेलवर कधीच वापरू नये, आणि गळती शोधताना बोटाऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

तिसरा धोका सर्वांचा आहे. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निःसंदिग्धपणे नोंदवले. खराब नोझलची, काळा धूर ओकणारी गाडी शाळेसमोर, बाजारात, स्वतःच्या अंगणात तेच सोडत असते. पीयूसी केंद्रात डिझेल गाडीचा धूर मोजला जातो, पण तो कागद पोलिसांना दाखवण्यापुरता उरला आहे. त्यावरचा आकडा दर वेळी मागच्या आकड्याशी ताडून पाहिला, तर बिघडू लागलेल्या गाडीची ती आगाऊ सूचना ठरेल. त्यासाठी केंद्रावर धूर खरोखर मोजला गेला पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

प्रतिबंधाची यादी लहान आहे. पावसाळ्यात रात्री टाकी शक्यतो भरलेली ठेवावी. फिल्टरच्या तळाचे पाणी आठवड्यातून एकदा काढावे. फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे बदलावा, आणि पिंपातले डिझेल वापरावे लागत असेल तर त्याहून लवकर. टाकी कोरडी पडेपर्यंत गाडी दामटू नये, कारण तळाचा गाळ तेव्हाच वर ओढला जातो. रबरी नळ्या आणि नोझलखालचे तांब्याचे वॉशर दुरुस्तीत पुन्हा वापरू नयेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक फारच कमी आहे, म्हणून ‘नवे डिझेल कोरडे’ अशी समजूत पसरली आहे. वंगणाचा गुण प्रमाणात ठरवून दिलेला असतो आणि त्यासाठी डिझेलमध्ये पूरक द्रव्ये मिसळली जातात. त्यात वरून रॉकेल ओतणारा मात्र ते वंगण स्वतःच्या हाताने कमी करतो.

पंप बदलायला होकार देण्यापूर्वी गाडीमालकाने एकच प्रश्न विचारावा: कोणत्या तपासणीवरून हे ठरले? बाटलीतले डिझेल, पारदर्शक नळी, टेस्ट बेंचवरचा फवारा, यातले काहीतरी दाखवता आले पाहिजे. आणि जो मेस्त्री ते दाखवून शेवटी फक्त एक नळी बदलेल, त्याला त्या तासाची पूर्ण मजुरी घासाघीस न करता द्यावी. वाचलेल्या पंपाच्या किमतीपुढे ती फार थोडी असते.