डाव आणि गुण

तास संपायला दहा मिनिटे उरली की पडद्यावर प्रश्न झळकतो, मुले मोबाइलवर बोटे आपटतात आणि क्षणार्धात नावांची उतरंड लागते. २०१३ साली नॉर्वेतून आलेले ‘कहूट’ आता अंधेरी-मुलुंडच्या विद्यार्थ्यांनाही परके राहिलेले नाही. पेंगणारा वर्ग जागा होतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु या जागरणाला ‘शिक्षणाचे क्रीडाकरण’ असे भारदस्त नाव देऊन जो जयघोष चालतो, त्यात सूर मिसळण्यास आम्ही तयार नाही.

खेळातून नेमके उचलले काय? गुण, पदके, पायऱ्या आणि क्रमवारी. आमच्या शिक्षणात या वस्तूंची कधी टंचाई होती काय? बालवाडीपासून आम्ही दुसरे जमवले तरी काय! स्वेच्छेने उतरावे, हरावे आणि पुन्हा डाव मांडावा, हे खेळाचे मर्म मात्र दाराबाहेरच राहिले. योहान हौझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ सालीच, खेळ ही मुळात स्वेच्छेची कृती आहे, असे बजावले होते. हजेरीच्या धाकाने खेळला जातो त्याला कवायत म्हणतात.

गुणांच्या हव्यासाचे फळ आम्ही पाहिलेले आहे. २०१०च्या नियमावलीने विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांनाच या डावात बसवले. शोधनिबंधाला इतके गुण, परिसंवादाला इतके, आणि त्यांवर बढती. मग पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांना ऊत आला. मे २०१८मध्ये निकृष्ट दर्जा, अपुरी वा खोटी माहिती अशी कारणे देत आयोगाला स्वतःच्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. विद्वानांची ही गत, तर अठरा वर्षांच्या पोरांकडून कोणत्या वैराग्याची अपेक्षा करावी?

मग खेळ नकोच काय? हवा, पण खरा हवा. पवईच्या आयआयटीतील ‘ई-यंत्र’ प्रकल्प २०१२पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी यंत्रमानवांची स्पर्धा घेत आला आहे. तेथेही क्रमांक आहेत, बक्षिसे आहेत. परंतु आखलेल्या रिंगणात यंत्र वळणावर अडखळले, तर ते का अडखळले हे शोधावेच लागते. तेथे चूक हाच पुढचा धडा असतो. मराठीत नाटकाचा ‘खेळ’ होतो आणि ‘प्रयोग’ही होतो. एकांकिकेच्या तालमींत रात्री जागवणाऱ्या आमच्या मुलांना हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे का, हे कोणी शिकवावे लागत नाही.

क्रीडाकरणाच्या पुरस्कर्त्यांना आमचे एकच आव्हान आहे. पदके वाटण्यापूर्वी एका सत्रात, एका विषयापुरते तरी, फसलेले काम गुण न कापता पुन्हा करू द्या. ते धैर्य नसेल, तर निदान त्याला खेळ म्हणू नका.