परवाना नको, कागद दाखवा



आळंदीहून पुण्याकडे निघाले की दिघी लागते. माउलींची पालखी याच वाटेने जाते. 1997 साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, रानांत इमारती उभ्या राहिल्या आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारी आपल्या कोरडवाहू गावांतली पोरे तेथे खोल्या करून राहू लागली. या पोरांसाठी त्या पट्ट्यात एक नवा माल विकायला आला आहे. मालाचे नाव फ्रँचायझी.

कंपनी आपले नाव, पाटी आणि चहाचा मसाला देते, त्याबद्दल एकरकमी पैसे घेते. दुकान पोराने चालवायचे, भाडे पोराने भरायचे, बुडाले तर पोराचे बुडाले. पैसे कोठून येतात हे तुम्हाला सांगायला नको. कापसाची पट्टी, बैलजोडी, नाहीतर रस्त्याकडेचा एकर. म्हणून हा विषय शहराचा नाही, आपल्या बैठकीचा आहे.

शेतकऱ्याच्या पोराने दुकान टाकू नये असे आम्ही म्हणत नाही. टाकावे, वाढवावे, चार पैसे गाठीला बांधावेत. चांगले नाव भाड्याने घेऊन धंदा करण्यातही वावगे काही नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. नाव विकणाऱ्याला सगळे ठाऊक असते, घेणाऱ्याला काहीच ठाऊक नसते, आणि कायदा याबद्दल चकार शब्द बोलत नाही.

दिघीच्या रस्त्यावर फ्लॅटच्या जाहिरातीचा फलक पाहा. त्यावर महारेराचा नोंदणी क्रमांक असतो. 2016 च्या केंद्रीय कायद्यान्वये, लहानसहान इमारती सोडल्या तर, बिल्डरला नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. जागेची मालकी, मंजूर नकाशे, चालू दावे सगळे उघड मांडावे लागते. जाहिरातीत खोटे लिहिले तर व्याजासह पैसे परत. ऑगस्ट 2023 पासून फलकावर क्यूआर कोडही छापावा लागतो. आता शेजारचा फ्रँचायझीचा फलक पाहा. त्यावर एक हसरा चेहरा, एक मोबाईल नंबर आणि ‘कमी गुंतवणूक, भरघोस नफा’. फार कशाला, आपण कपाशीचे बियाणे घेतो त्या पाकिटावर उगवणशक्तीचा टक्का छापावा लागतो. आठ-दहा लाखांच्या दुकानावर तेवढाही छापावा लागत नाही.

आपण उत्पादनखर्च मांडायला शिकलेली माणसे. मग हाही मांडू या. समजा, दहा रुपयांच्या कपात दूध, साखर, पावडर, गॅस जाऊन चार रुपये उरले. गाळ्याचे भाडे पंचवीस हजार, दोन माणसांचा पगार तीस हजार, वीज आणि किरकोळ पाच हजार. महिन्याचे साठ हजार झाले. म्हणजे रोज पाचशे कप विकले तर हात कोरडे. कर्जाचे व्याज अजून धरलेले नाही आणि पहाटे पाचपासून उभ्या असलेल्या पोराची मजुरीही नाही. घरच्या माणसाची मजुरी हिशेबात न धरण्याची खोड आपण शेतातून दुकानात नेली आहे. पावडर आणि मसाला कंपनीकडूनच, कंपनीच्याच भावाने. बियाणे त्यांचे, खत त्यांचे आणि पावसाची जोखीम आपली, हा डाव ओळखीचा वाटत नाही काय?

कायद्याचे काय? आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. दुकानाची नोंद, अन्नपदार्थाचा परवाना, जीएसटी हे सारे दुकान चालवणाऱ्याच्या गळ्यात. नाव विकणाऱ्याच्या वाट्याला 1872 चा इंग्रजांचा करार कायदा. त्याचे सतरावे कलम कपटाची व्याख्या करते आणि पुढे सांगते की नुसते गप्प बसणे म्हणजे कपट नव्हे, बोलणे हे कर्तव्य असेल तरच ते कपट. म्हणजे याच रस्त्यावरची आधीची तीन दुकाने बंद पडली हे विकणाऱ्याने स्वतःहून सांगितले नाही, तर तो बहुधा सुटतो. साखळी पद्धतीने घरोघर माल विकणाऱ्यांसाठी केंद्राने 2021 मध्ये नियम केले. फ्रँचायझी तेथेही राहून गेली. इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबड्यांत 2019 साली शेतकऱ्यांचे पैसे अडकले, तेव्हा गुन्हे दाखल झाले. पण पैसे गेल्यावर.

ज्या अमेरिकेतून ही पद्धत आली तेथे काय आहे? कॅलिफोर्निया राज्याने 1970 मध्ये कायदा केला, तो 1971 च्या 1 जानेवारीला लागू झाला. नाव विकण्याआधी नोंदणी करा आणि सगळा कागद घेणाऱ्याच्या हाती द्या, असा तो कायदा. पुढे न्यूयॉर्क, इलिनॉय, मेरीलँड अशी डझनभर राज्ये त्या वाटेने गेली. 1979 पासून साऱ्या देशाला एक नियम आहे. आज त्या नियमाप्रमाणे सही किंवा पैसे घेण्याआधी किमान चौदा दिवस तो कागद द्यावा लागतो. किती दुकाने उघडली, किती मिटली, सोडून गेलेल्यांशी संपर्क कसा करायचा, कंपनीवर दावे कोणते, हे सर्व त्यात. नफ्याचा आकडा सांगायचा तर आधार दाखवावा लागतो. सरकारने या मजकुराची खातरजमा केलेली नाही, हेही त्याच कागदावर छापलेले असते. हे आम्हाला विशेष आवडले. सरकार शिफारस करत नाही, फक्त झाकण काढते.

येथे आपल्यातलेच जुने कार्यकर्ते विचारतील, परवान्याच्या राज्याशी जन्मभर भांडलो आणि आता आपणच नोंदणी मागायची? प्रश्न रास्त आहे. 1971 च्या कायद्याने कापसाची एकाधिकार खरेदी आणली आणि तीस वर्षे आपला कापूस दुसऱ्याला विकणे हा गुन्हा ठरला. राज्याच्या सीमेवर अडवलेल्या गाड्या पाहिलेल्या माणसांना नव्या कचेरीचा वास लगेच येतो. पण परवाना आणि प्रकटन यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परवान्यात साहेब ‘नाही’ म्हणू शकतो, म्हणून त्याला पाकीट लागते. प्रकटनात ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणालाच नसतो. मिशिगन राज्यात कंपनी फक्त सूचना दाखल करते आणि ठरलेले शुल्क भरते. आम्हाला तेवढेच हवे. कागद दाखल करावा, तो कोणालाही पाहता यावा, खोटा निघाला तर पैसे व्याजासह परत.

राज्याला हे जमणार नाही असे कोणी सांगू नये. करार हा विषय समवर्ती सूचीत आहे. याच विधिमंडळाने 1963 साली सदनिकांचा कायदा केला आणि बिल्डरने मालकीहक्काची माहिती उघड केलीच पाहिजे असे ठरवले. त्याच 1963 चा बाजार समित्यांचा कायदाही आहे. शहरातल्या घर घेणाऱ्याला माहितीचा हक्क मिळाला, शेतकऱ्याला आवार आणि आडत मिळाली. आता त्या शेतकऱ्याचे पोर शहरात गिऱ्हाईक म्हणून उभे आहे, तर त्याला पहिला हक्क द्या.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर घरात कोणी फ्रँचायझीचे नाव काढले, तर पाचशेच्या मुद्रांकावरचा करार सहीआधी चौदा दिवस घरी आणायला सांगा आणि वकिलाकडून मराठीत समजून घ्या. कंपनी दाखवते ती चालू दुकाने पाहून येऊ नका, बंद पडलेल्या तिघांचे पत्ते मागा. दिले नाहीत तर उठून या. त्याच रस्त्यावर दुसऱ्याला दुकान देणार नाही हे लेखी घ्या. अनामत कधी परत, यंत्रे कोण उचलणार, भांडण झाले तर लवाद पुण्यात की दिल्लीत, हे त्या कागदावर शोधा. पैसे रोखीने देऊ नका.

जिल्हा बैठकीत या मागणीचा ठराव मांडायचा आहे. ज्यांच्या घरात असे करार झाले आहेत, दुकान चालू असो की बंद, त्यांनी कराराची झेरॉक्स आणि जमाखर्चाची वही सोबत आणावी. नावे झाकून आणली तरी चालतील.